मी केसभर हलत होतो

मी आरसा बोलतोय. तुम्ही ज्याच्यात बघून भांग पाडता तो नव्हे. त्याला निदान रोज कुणीतरी तोंड दाखवतं. मी दुर्बिणीचा आरसा, एका लांब पत्र्याच्या नळीच्या तळाशी, तोंड वर करून बसलेला. दहा इंच रुंद, दीड इंच जाड, मधे किंचित खोलगट. आकाशातून येईल तो उजेड गोळा करायचा आणि वर पाठवायचा, एवढंच माझं काम. तो उजेड कुणाचा, त्यात काय दिसतं, हे मला कळत नाही. ते बघणाऱ्याने बघायचं.

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पोटात राहायला नको. मी हलत होतो. फार नाही हो, केसभर. पण त्या केसभरापायी एका मरणाऱ्या माणसाच्या शेवटच्या संध्याकाळी फुकट चालल्या होत्या, आणि ते फक्त मला माहीत होतं. तोंड नसलेल्याने आपला गुन्हा कुणाला सांगायचा?

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. मालकांना सगळी गल्ली ‘चष्मेवाले’च म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. दिवसभर लोकांचे नंबर काढायचे, काचा घासायच्या, आणि संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की मागच्या खोलीत माझ्याकडे यायचे. भंगारात मिळालेल्या काचेच्या दोन जाड चकत्या होत्या. एक खाली पिंपावर ठेवलेली, वरची मी. मधे ओली खरखरीत पूड. मला पुढे-मागे घासायचं, थोडं फिरवायचं आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. असे अकरा महिने ते माझ्याभोवती फिरले. त्यांची बायको दारात उभी राहून म्हणायची, “एवढे माझ्या मागेपुढे फिरला असतात, तर मी कधी माहेरी गेलेच नसते!” ते हसायचे आणि पुढचं पाऊल टाकायचे.

माझ्यावर चांदीसारखा मुलामा चढवून आणला आणि मला नळीत बसवलं. पाठीमागे बुचाचे तीन तुकडे, कडेला तीन चिमटे. अकरा महिन्यांची मेहनत पडून फुटू नये म्हणून त्यांनी ते चिमटे चांगले कचकचून आवळले. पहिल्याच दिवशी तारे बघायला गेले, तर प्रत्येक तारा तिकोनी! चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला. त्यांना वाटलं, आपलं घासणंच चुकलं. दोन महिने त्यांनी माझं तोंड बघितलं नाही. एक दिवस मोडीत काढायचं म्हणून चिमटे सैल केले, आणि जाता जाता शेवटचं म्हणून पुन्हा एकदा बघितलं. तारे गोल! काच दाबली गेली होती, बाकी काही नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांचा एक नियम झाला. चिमटा आणि काच यांच्यामधून कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे. “आरशाला आवळायचं नाही. कागद सरकला पाहिजे.” हे वाक्य त्यांनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. त्यांची मुलगी सात वर्षांची असल्यापासून ही पट्टी सरकवायची. तिला ते ‘चिमणी’ म्हणायचे. आज ती बावन्न वर्षांची आहे, दोन मुलांची आई, अंगाने चांगली भरलेली, पण बापाच्या तोंडी अजून चिमणीच.

नियम खोटा नव्हता. डोळा लावून बघायचं असेल तर तो अगदी बरोबर. कागदाच्या त्या जाडीएवढ्या जागेत मी कधी या अंगाला, कधी त्या अंगाला लवंडायचो. चित्र जरा सरकायचं, बघणारा नळीला हलकासा धक्का देऊन ते परत मधे आणायचा. कुणाला पत्ताही लागायचा नाही.

आता मुख्य गोष्ट, एका धूसर पट्ट्याची. पश्चिमेकडे एक तांबूस तारा आहे. एकतीस वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांना त्याच्या शेजारी एक अतिशय फिकट, धुरकट पट्टा दिसला. सरळ बघितलं तर नाही, नजर जरा बाजूला ठेवली तर आहे. कुठल्याच नकाशात तो नव्हता. त्यांनी त्याचं चित्र काढलं, मंडळाच्या सभेत नेलं. आकाश बघणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ होतं ते. तिथले चिटणीस चित्र बघून म्हणाले, “चष्मेवाल्यांनी आता स्वतःचाच नंबर काढून घ्यावा.” सभा खदखदून हसली. चष्मेवाले मूग गिळून घरी आले आणि पुन्हा कधी सभेला गेले नाहीत. पण दर वर्षी तो तारा आला की गच्चीवर जायचे, बघायचे आणि म्हणायचे, “आहे.” एकतीस वर्षं.

मग त्यांची छाती बिघडली. जिना सुटला, नंतर दारापर्यंत जाणंही सुटलं. नाकात नळी आणि खाटेशेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरत राहिलं. एका संध्याकाळी मुलगी पाय चेपत बसली होती तेव्हा ते म्हणाले, “चिमणे, मला बरोबर ठरायचं नाहीये गं. ते चिटणीस कधीच गेले. मला फक्त कळायला हवं. आहे की नाही?”

“आहे, बाबा. तुम्ही बघितलंय ना.”

“माझ्या डोळ्यांचं सोड. फोटो काढ.”

तो तारा सूर्यास्तानंतर जेमतेम दीड तास पश्चिमेला दिसत होता, आणि रोज थोडा थोडा खाली चालला होता. अजून तीन आठवडे, मग चार महिने गायब. चार महिने डॉक्टरांनी दिले नव्हते.

चिमणी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि ती घरातल्या मागच्या खोलीत कवळी घडवते. हात इतका सफाईदार, की लोक कवळी घालून खळखळून हसतात. तिने जुना कॅमेरा मिळवला, डोळा लावायच्या जागी बसवला. दुर्बिणीला ताऱ्यामागे हळूहळू फिरवणारी मोटर लावली. माझ्या नळीच्या पाठीवर एक छोटी पाळतीची दुर्बीण बसवली. या दुर्बिणीने एका ताऱ्यावर नजर ठेवायची आणि मोटर चुकली की मोटरला सावरायचं. एकेका फोटोला पाच मिनिटं. पट्टा एवढा फिकट, की असे पुष्कळ फोटो एकावर एक चढवले तरच दिसला तर दिसणार.

पहिल्याच संध्याकाळी फोटोतले तारे लांबट आले.

पाच मिनिटं हा फार मोठा वेळ असतो हो. नळी पश्चिमेकडे कलत जायची, माझं वजन एका चिमट्यावरून निघून दुसऱ्याकडे झुकायचं, आणि मधेच मी सटकन घसरायचो. केसभर. मला कळायचं! अगदी त्या क्षणी कळायचं. मी जीव मुठीत धरून बसायचो, की आता नको, अजून दोन मिनिटं, एकच मिनिट. पण काचेला कुठलं आलंय धरून ठेवणं? घसरायचोच. पाळतीच्या दुर्बिणीला यातलं काही दिसायचं नाही. तिचा तारा जागच्या जागी. ती खुशाल म्हणायची, सगळं ठीक आहे.

चिमणीने मोटर उघडली, साफ केली, परत बसवली. तारे लांबट. वायरी बांधून काढल्या. लांबट. वाऱ्यासाठी चादरीचा आडोसा केला. लांबट. खालच्या मजल्यावरच्या बाईंना पाण्याचा पंप दीड तास बंद ठेवायला सांगितलं, त्या बाईंशी वाजलं. शेवटी खापर नवऱ्याच्या डोक्यावर फुटलं.

“अहो, तुम्ही गच्चीवर चालू नका. तुमच्या पावलांनी हादरतं.”

नवरा फरशा बसवायचं काम करतो. दिवसभर उकिडवं बसून गुडघे आखडलेले. तो जिन्यात पायमोजे घालून बसला. “श्वास घेतला तर चालेल ना गं?” त्याने विचारलं.

“हळू घ्या,” ती म्हणाली. थट्टा करत नव्हती ती.

नऊ संध्याकाळी अशा गेल्या. एकदा तर ती माझ्या नळीला डोकं टेकवून रडली, “अरे, काय होतंय तुला, सांग ना!” माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. मी सांगत नव्हतो का? प्रत्येक फोटोत सांगत होतो! पण तिचा संशय माझ्यावर जाईलच कसा? रोज फोटो काढण्याआधी ती कागदाची पट्टी घेऊन तिन्ही चिमटे तपासायची. कागद सरकायचा. म्हणजे आरसा बरोबर. बापाचा नियम होता तो, आणि बापावर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

दहाव्या दिवशी तिने आतापर्यंतचे सगळे फोटो, असतील तसे, एकावर एक चढवले. आणि तांबूस ताऱ्याच्या शेजारी, बरोबर त्याच बाजूला, एक फिकट धुरकट पट्टा उमटला.

ती ओरडतच गच्चीवरून खाली पळाली. नंतरचं मला नवऱ्याच्या तोंडून कळलं, कारण तो पुढे कित्येक दिवस ते सांगत होता. तिने फोटो मोठ्या कागदावर छापून बापाच्या हातात ठेवला. “हाच,” ते म्हणाले. “हाच गं!” त्यांनी तो फोटो छातीशी धरला. नाकातली नळी निसटली ती नवऱ्याने परत लावली. तिघंही रडत होती. नवरा शेजारी सांगायलाही निघाला होता.

तेवढ्यात चष्मेवाल्यांनी भिंग मागितलं. जन्मभर काचा तपासलेला माणूस, नुसता आनंद करून थांबेल तर शपथ. त्यांनी आधी पट्टा बघितला. मग भिंग कोपऱ्यात नेलं, दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. पुन्हा मधे आणलं.

“चिमणे, सगळ्या ताऱ्यांना एकाच बाजूला शेपूट आहे.”

“थोडे लांबट आलेत, बाबा. पण पट्टा...”

“अगं, हा तारा मोठा, म्हणून याचं शेपूट मोठं. हा पट्टा नाही. शेपूट आहे.” मग विचारलं, “पाळतीचा तारा हलला होता?”

“नाही.”

“मग आरसा हलतोय.” आणि अगदी हळू, “माझा कागद.”

नवरा म्हणतो, ती बापावर चिडली. म्हणाली, “राहू द्या ना बाबा! दिसतोय ना? झालं ना?” बापाने फोटो उलटा करून खाटेवर ठेवला आणि म्हटलं, “मग ‘आहे की नाही’ असं मी विचारलंच कशाला?”

ती तरातरा गच्चीवर आली. रागात पाना घेतला आणि माझे तिन्ही चिमटे आवळले, कचकचून. अहो, काय सांगू, जीव कळवळला माझा! त्या संध्याकाळी मी तसूभर हललो नाही, आणि सगळे तारे तिकोनी आले. पुढचे चार दिवस ढग. उरल्या किती? ढग नसले तर चार संध्याकाळी. ती नळी घेऊन खाली आली, बापाच्या खोलीत मला उघडं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “आवळलं तर तिकोनी, सोडलं तर शेपूट. मी हात टेकले, बाबा.”

चष्मेवाले डोळे मिटून पडले होते. श्वास पुरत नव्हता म्हणून शब्द तोडून तोडून बोलत होते. “तू कवळी दाबून बसवतेस?”

“छे. दाबली तर हिरडी सोलते.”

“मग सैल?”

“सैल ठेवली तर बोलताना खटखटते. मधे काहीतरी मऊ...” ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

अर्ध्या तासात नवरा काच चिकटवायचं सिलिकॉन घेऊन आला. माशांच्या काचेच्या टाक्या जोडतात ते. घट्ट पकडतं, पण वाळल्यावरही रबरासारखं दबतं. चिमणी माझ्या पाठीला तीन ठिकाणी ते लावून मला बैठकीवर टेकवणार, तोच नवऱ्याने हात धरला. “फट ठेव. थेट चिकटवलंस तर सगळं दाबून बाहेर येईल, मधे काही उरणार नाही. बिनफटीची फरशी उन्हाळ्यात फुगून वर येते, मी बघितलंय.” त्याने खिशातून फरशांच्या मधे घालायचे प्लॅस्टिकचे बारके तुकडे काढले. “दोन मिलिमीटर.”

“जावईबापू,” खाटेवरून आवाज आला, “तुम्ही दुर्बीण बनवायला हवी होती.”

“नको बाबा,” नवरा म्हणाला, “गुडघे गेलेत तेवढे पुरे, मान नको.” चष्मेवाल्यांना हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला.

आंबट वास सुटला. खिडक्या उघडल्या, पण म्हाताऱ्यांनी खोलीबाहेर जायला नकार दिला. दोन दिवस मी तसाच वाळत पडलो. ते कुशीवर वळून माझ्याकडे बघत असायचे, आणि त्यांची छाती माझ्यादेखत वरखाली धडपडायची. सिलिकॉन वाळायला लागतो तेवढा वेळ लागणारच. घाई करून चालणार नव्हतं, आणि घाई तर सगळ्यांनाच होती. वर आभाळ झाकलेलंच. माझी पाचावर धारण बसली होती, की माझं वाळणं आणि यांचं आटोपणं बरोबरच होणार.

पहिली संध्याकाळ ढगात गेली. दुसरी गेली. तिसरीही. चौथी, म्हणजे शेवटची, स्वच्छ निघाली.

तारा समोरच्या इमारतींच्या डोक्याला टेकायला आला होता. जेमतेम पन्नास मिनिटं मिळाली. नळी कलायला लागली, माझं वजन एका बाजूला झुकलं, आणि मी सवयीने घसरायची वाट बघत राहिलो. घसरलो नाही. पाठीला तिन्ही ठिकाणी मऊ पण पक्की पकड. दाबत नव्हती, सोडतही नव्हती. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा स्वस्थ बसलो होतो. दहा फोटो झाले आणि तारा इमारतीमागे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याने मला खाली आणून खाटेच्या पायथ्याशी उभं केलं होतं. म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. चिमणी आत आली. तिच्या एका हातात नवा फोटो होता. दुसऱ्या हातात तो जुना, शेपटाचा. आता मला वाटतं, दारातून आत येईपर्यंत तिचं ठरलं नव्हतं.

चष्मेवाल्यांना आता भिंग उचलत नव्हतं. ती काय सांगेल तेच त्यांना कळणार होतं. त्यांनी विचारलं, “आहे?”

ती खाटेवर बसली, जुना फोटो तिने खाली ठेवला आणि बापाकडे बघत म्हणाली, “नाही, बाबा.”

“तारे कसे आहेत?”

“गोल.”

“कोपऱ्यातले?”

“तेही गोल. सगळे.”

“मग नाही,” चष्मेवाले म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. ती खूप वेळ त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली. ते वळले नाहीत. शेवटी ती उठून गेली. बाहेरच्या खोलीत ती नवऱ्याला म्हणाली, ते मला स्पष्ट ऐकू आलं. “काय बिघडलं असतं हो, मी ‘आहे’ म्हटलं असतं तर?”

दुसऱ्या दिवशी पहाटे चष्मेवाले गेले.

याला आता दोन वर्षं झाली. मी गच्चीवरच्या खोलीत आहे, नळीवर जाड कापड टाकलेलं. तेव्हापासून तिने माझ्यावरचं कापड काढलेलं नाही. कधी कधी धुणं वाळत घालायला वर येते, दार उघडते, माझ्याकडे बघते आणि दार लावून घेते. एकदा नवऱ्याला म्हणताना ऐकलं, “मी त्यांना शेवटच्या दिवशी मारून टाकलं. एक शब्द खोटा बोलले असते तर सुखाने गेले असते. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.”

आणि मी इथे, तिच्यापासून चार हातांवर, आतल्या आत फुटतोय! कारण ती गेल्यावर काय झालं ते फक्त मला माहीत आहे. पुन्हा फक्त मलाच.

ती खोलीतून गेल्यावर ते आधी रडले. ते मी लपवत नाही. एकतीस वर्षं होती ती. मग बऱ्याच वेळाने, धापा टाकत, ते माझ्याकडे वळले. म्हणाले, “तू हलत होतास आणि मी बघत होतो. दोघंही बावळट.” आणि हसले. खरंच हसले, तोंडाचं बोळकं उघडं टाकून. मग बाहेर तिची भांडी वाजली, तिकडे कान देऊन म्हणाले, “पोरगी डोळ्यांत बघून ‘नाही’ म्हणाली रे. मी असतो तर खोटं बोललो असतो. माझ्या हातून नसतं झालं.” आणि मग, जणू माझ्या पाठीवर थाप मारावी तसं, “माझ्यापेक्षा सरळ निघाली.” त्यानंतर ते शांत झोपले.

मी आता हलत नाही. पण मला बोलताही येत नाही, आणि तिला हे सांगणारं दुसरं कुणी नाही. तुम्ही ऐकलंत. कवळ्या बनवणारी, अंगाने भरलेली, आताशा हळू बोलणारी एक बाई तुम्हाला कुठे भेटली, तर तिला थांबवा, आणि सांगा, की बाबा रागावून वळले नव्हते. रडू दिसू नये म्हणून वळले होते. एवढं सांगा हो तिला. माझ्या वतीने नको, त्यांच्या वतीने सांगा.